मधली सुटी आणि मुलांच्या शरीराची वाढ

प्राथमिक शाळेचें वेळापत्रक हातीं घेऊन पाहिलें, तर त्यांत भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला अशीं नांवें चौकटीचौकटींत लिहिलेलीं आढळतात. आणि मध्यें एक अरुंद पट्टी असते, तिच्यावर ‘मधली सुटी’ एवढेच दोन शब्द असतात. त्या पट्टीला पाठ्यपुस्तक नसतें, परीक्षा नसते, आणि वर्षअखेर प्रगतिपुस्तकांत तिचे गुण कोणी मांडीत नाहीं. म्हणून वेळेची ओढाताण होऊं लागली कीं पहिला घाव तिच्यावरच पडतो. अभ्यासक्रम मागें पडला, सुटींतील दहा मिनिटें काढा. गृहपाठ आणला नाहीं, सुटींत वर्गांतच बसवा. पाहुणे येणार आहेत, सुटींत स्वागतगीताची तालीम घ्या. हें सारें कोणी दुष्टपणानें करीत नाहीं. सुटी हा शब्दच मोठा फसवा आहे. सुटी म्हणजे कामांतून सुटका, असा अर्थ मनांत पक्का बसल्यामुळें त्या वेळांत कांहीं काम होत असेल, अशी शंकाहि कोणाला येत नाहीं. वास्तविक सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या शरीरापुरतें बोलावयाचें, तर शाळेच्या दिवसांतील सर्वांत निकडीचें काम त्या अरुंद पट्टींतच चाललेलें असतें.

या वयांतील वाढ डोळ्यांत भरत नाहीं. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षांत बालक झपाट्यानें वाढतें, आणि पुढें वयांत येतांना उंची पुन्हा एकदां धांवत सुटते. या दोन उसळ्यांच्या मधलीं वर्षें शांत असतात. वर्षाकांठीं पांच ते सहा सेंटिमीटर उंची आणि दोनतीन किलो वजन, एवढाच काय तो हिशेब; आईबापांना तो गणवेशाची विजार आंखूड झाली म्हणजेच कळतो. परंतु घराचा पाया भरला जात असतांना रस्त्यावरून जाणार्‍याला कांहींच दिसत नाहीं, तशांतला हा प्रकार आहे. हाडांचा घट्टपणा, स्नायूंची परस्परांशीं जुळणी, शरीराचा तोल, डोळ्यांची घडण या सर्वांची बांधणी या शांत काळांत होत असते.

प्रथम हाडांचेंच पाहूं जातां, त्यांची वाढ दोन प्रकारची असते आणि या दोहोंत घोटाळा करूं नये. लांबीची वाढ हाडाच्या टोकाशीं असलेल्या मऊ कूर्चेच्या थरांत होते. अन्न, झोंप आणि शरीरांतील अंतःस्राव यथास्थित असले म्हणजे ती आपल्या गतीनें होत राहते. मैदानावर अधिक धांवणारें मूल त्यामुळें अधिक उंच होईल, अशी आशा कोणी बाळगूं नये. आडव्या दांडीला लोंबकळल्यानें उंची वाढते ही घरोघरची समजूतहि तशीच निराधार आहे. दुसरी वाढ जाडीची व घट्टपणाची. ही मात्र मागितल्यावांचून पुरेशी मिळत नाहीं. हाडाच्या गाभ्यांत सूक्ष्म पेशींचें जाळें पसरलेलें असतें. पाय जमिनीवर आदळला कीं हाड केसभर वांकतें, त्यांतील बारीक नलिकांमधला द्रव हलतो, आणि या पेशींना भाराची वार्ता पोहोंचते. मग त्या जागीं चुन्याचे क्षार अधिक बसूं लागतात. हाड आपल्यावर पडणार्‍या भाराप्रमाणें आपली घडण बदलतें, हा सिद्धान्त बर्लिनचे शस्त्रवैद्य युलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं ग्रंथरूपानें मांडला. त्यांतला तपशील पुढें पुष्कळ बदलला, पण मूळ गोष्ट टिकून राहिली.

या मागणीला शरीर कोणत्या वयांत अधिक उदारपणें उत्तर देतें, हें फिनलंडमधील एका पाहणीनें १९९५ सालीं दाखविलें. टेनिस व स्क्वॉश खेळणार्‍या स्त्रियांच्या दोन्ही हातांचीं हाडें तपासण्यांत आलीं. ज्या हातांत रॅकेट धरावयाची, त्या हाताचें हाड दुसर्‍यापेक्षां भक्कम असणार हें उघडच होतें. परंतु ज्यांनीं वयांत येण्यापूर्वीं किंवा येतांना खेळ सुरू केला होता, त्यांच्यांतील हा फरक मागाहून खेळूं लागलेल्या स्त्रियांपेक्षां दुपटीपासून चौपटीपर्यंत मोठा आढळला. एकाच शरीराचे दोन हात. अन्न एकच, रक्त एकच, आईबाप एकच. उरला तो केवळ खेळ, आणि खेळाचें वय.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यांत याहून लहान मुलांवर एक प्रयोग झाला. सुमारें सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या एका गटाला ६१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून दोन्ही पायांवर खालीं उड्या मारावयास सांगितल्या: प्रत्येक खेपेस शंभर, आठवड्यांतून तीन खेपा, असें सात महिने. दुसर्‍या गटाला तेवढाच वेळ अंग ताणण्याचे व्यायाम दिले. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष असा कीं, उड्या मारणार्‍या मुलांच्या मांडीच्या हाडाच्या मानेंतील खनिज द्रव्य दुसर्‍या गटापेक्षां सुमारें साडेचार टक्क्यांनीं आणि कमरेच्या मणक्यांतील सुमारें तीन टक्क्यांनीं अधिक वाढलें. आंकडा लहान वाटेल. पण मांडीच्या हाडाची मान म्हणजे म्हातारपणीं न्हाणीघरांत पाय घसरला असतां मोडते ती जागा. आजीच्या मोडलेल्या खुब्याची कहाणी पुष्कळदां साठ वर्षांपूर्वींच्या शाळेच्या अंगणांत सुरू झालेली असते.

आतां कोणी म्हणेल, मग सुटी कशाला? आठवड्यांतून शारीरिक शिक्षणाचे दोन तास आहेत, त्यांत मुलांकडून भरपूर उड्या मारवून घ्याव्यात म्हणजे झालें. येथेंच हाडाचा एक विलक्षण स्वभाव आड येतो. त्याला सांगितलेलें थोडा वेळच ऐकूं येतें. पहिल्या कांहीं उड्यांची वार्ता पेशी तत्परतेनें घेतात. पुढें पुढें त्या बधिर होतात, आणि मग शंभर काय नि तीनशें काय, फारसा फरक पडत नाहीं. कांहीं तासांची विश्रांति मिळाली कीं त्यांचे कान पुन्हा उघडतात. अमेरिकेंतील इंडियाना येथें प्रयोगशाळेंतील उंदरांच्या हाडांवर दिवसाला ३६० वेळां मोजून भार देण्यांत आला. एका गटाला सलग, आणि दुसर्‍या गटाला नव्वद-नव्वद असा चार हप्त्यांत, मध्यें तीन-तीन तासांची विश्रांति देऊन. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत हप्त्याहप्त्यानें भार मिळालेलीं हाडें सलग भार मिळालेल्या हाडांपेक्षां अधिक बळकट निघालीं. उंदराचें हाड म्हणजे मुलाचें हाड नव्हे, हें खरेंच. तरी थोडें थोडें पण वारंवार हा नियम मुलांच्या बाबतींत अविश्वसनीय वाटण्याचें कारण नाहीं, कारण मुलें स्वतः होऊन तोच पाळीत असतात.

ती गोष्ट अशी. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं सहा ते दहा वर्षांच्या पंधरा मुलांवर नजर ठेवून त्यांच्या हालचालींची क्षणाक्षणाची नोंद केली. १९९५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तींत असें दिसून आलें कीं मुलांच्या जोराच्या हालचालीचा मध्यम काळ अवघा तीन सेकंदांचा असतो. तीन सेकंद भरधांव धांवणें, मग थांबणें, कांहीं बोलणें, वांकून कांहीं उचलणें, पुन्हा झेप. शंभरांतील पंचाण्णव झेपा पंधरा सेकंदांच्या आंत संपत होत्या. मोठ्या माणसाला ही चंचलता वाटते. त्याला सलग अर्धा तास फिरावयास जाणें हा व्यायाम ठाऊक; मूल मात्र चिमणीसारखें टिपत टिपत व्यायाम घेतें. त्याचे स्नायू लौकर थकतात व तितक्याच लौकर ताजे होतात. अशा मुलाला शिट्टीच्या तालावर रांगेनें वीस मिनिटें कवायत करावयास लावली, तर बराचसा वेळ आपली पाळी येईपर्यंत उभें राहण्यांत जातो. उलट मैदानावर मोकळें सोडलें, तर तें आपली पाळी स्वतःच घेतें. यावरून कवायत निरुपयोगी आहे असें नव्हे. चेंडू फेंकावा कसा, उडीनंतर गुडघे वांकवून उतरावें कसें, हें शिकविणारा शिक्षक लागतोच. परंतु शिकलेलें अंगीं मुरतें तें सुटींत. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१३ सालीं याच विषयावर स्वतंत्र पत्रक काढलें. शारीरिक शिक्षणाचा तास ही सुटीची भरपाई होऊं शकत नाहीं, आणि शिक्षा म्हणून सुटी काढून घेऊं नये, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे.

महाराष्ट्रांतील मुलांना हें व्यायामशास्त्र कोणी शिकविलें नव्हतें. त्यांनीं तें आपल्या खेळांतून उभें केलें. लंगडीचेंच उदाहरण घ्यावें. तिला साहित्य लागत नाहीं, जागा चार खणांची पुरते, आणि गडी कितीहि चालतात. पण एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरतांना शरीराच्या वजनाच्या दोनतीन पट भार त्या एका पायाच्या हाडावर येतो. ओरेगनच्या खोक्याचें काम येथें सपाट जमिनीवर होतें. त्यांत पुन्हा पळणार्‍याच्या हुलकावणीबरोबर लंगडणाराला क्षणांत दिशा बदलावी लागते; म्हणजे भार नुसता सरळ न पडतां आडवा, तिरपा, पिळणारा असा पडतो, आणि हाडाला नेमकी अशी नवी नवी वार्ता अधिक मानवते. तोल संभाळण्यासाठीं घोट्यापासून कमरेपर्यंतचे स्नायू एकाच वेळीं जागे राहतात. दम लागला कीं गडी बाद होतो, दुसरा येतो, आणि पहिला कडेला बसून विश्रांति घेतो. इतका बेतशीर व्यायाम एखाद्या तज्ज्ञानें आंखून दिला असता, तर त्याची मोठी वाहवा झाली असती!

खोखोंत उकिडवें बसून एकदम उठणें आहे, दोरीवरच्या उड्यांत ताल आहे, लगोरींत नेम आहे. शिवणापाणी तर नुसती तीन सेकंदांच्या झेपांचीच माळ. सूरपारंबीनें खांदे आणि हाताची पकड घडत असे. पण वडाचीं झाडें शाळांजवळून नाहींशीं झालीं, आणि जेथें आहेत तेथें मुलांना वर चढूं देण्याचें धैर्य थोड्या मुख्याध्यापकांना होतें. त्यांना दोष देणें सोपें आहे. मूल पडून हात मोडला, तर पालकांच्या प्रश्नांना उत्तर त्यांनाच द्यावें लागतें. तरीहि न पडतां तोल शिकलेलें मूल अजून कोणी पाहिलेलें नाहीं. सागरगोट्यांसारखा बैठा खेळहि हलका लेखूं नये. वर उडालेला गोटा पाहून खालचे वेंचणारे बोट लेखणी धरण्याचीच तयारी करीत असतें.

सुटीचें दुसरें मोठें काम डोळ्यांसाठीं आहे, आणि हें गेल्या कांहीं वर्षांतच नीट उलगडलें. लहान वयांत नेत्रगोल वाढत असतो. तो प्रमाणाबाहेर लांब झाला म्हणजे दूरचें अंधुक दिसूं लागतें व चष्मा लागतो. तैवानमध्यें दोन शाळांची तुलना करण्यांत आली. एका शाळेंत प्रत्येक सुटीला वर्ग रिकामे करून मुलांना बाहेर पाठविण्याचा परिपाठ ठेवला. दुसरींत पूर्वींचाच क्रम चालू राहिला. वर्षअखेर, म्हणजे २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें, पहिल्या शाळेंत नव्यानें लघुदृष्टि झालेलीं मुलें शेंकडा सुमारें साडेआठ होतीं, तर दुसरींत साडेसतरांहून अधिक. चीनमधील ग्वांगजौ शहरांत बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षें मोठी चांचणी झाली. निम्म्या शाळांना रोज चाळीस मिनिटांचा बाहेरचा वेळ जादा दिला. २०१५ सालच्या वृत्तांतानुसार तेथें लघुदृष्टीचें प्रमाण शेंकडा ३०·४ राहिलें, इतर शाळांत तें ३९·५ झालें. येथें किमया धांवण्याची नसून उजेडाची आहे. वर्गांतील उजेड कांहींशें लक्स भरतो. बाहेर, झाडाच्या सावलींतहि, तो त्याच्या कितीतरी पट असतो, आणि उन्हांत दहा हजार लक्सच्या पलीकडे सहज जातो. अशा प्रखर उजेडांत दृष्टिपटलांतून डोपामीन नांवाचें द्रव्य अधिक स्रवतें व तें नेत्रगोलाच्या लांबण्याला आळा घालतें, असें बहुतेक संशोधक मानतात. तेव्हां सुटींत वर्गांतच बसून डबा खाणारें आणि तेथेंच चित्रें काढीत राहणारें शांत, गुणी मूल शिक्षकांना कितीहि आवडलें, तरी त्याच्या डोळ्यांच्या दृष्टीनें त्याला बाहेर घालविणेंच बरें.

उन्हाचा आणखी एक लाभ आहे. भारत सरकारनें २०१६ ते २०१८ या काळांत मुलांच्या पोषणाची देशव्यापी पाहणी केली. तींत पांच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा अठरा मुलांत ड जीवनसत्त्वाची उणीव आढळली. इतक्या लखलखीत उन्हाच्या देशांत ही स्थिति! त्वचेवर पडून हें जीवनसत्त्व निर्माण करणारे किरण सकाळीं आठला व सायंकाळीं पांचला फार क्षीण असतात. ते भरपूर मिळतात ते दहापासून तीनपर्यंत, म्हणजे मूल शाळेच्या छपराखालीं असतें तेव्हां. या अवधींत सूर्याची गांठ घालून देणारी एकच वेळ उरते, ती मधली सुटी. अर्थात् चैत्र-वैशाखांतील नागपूर-चंद्रपूरचें ऊन हें औषध नव्हे. तेथें उन्हाळ्यांत शाळा सकाळच्या होतात, आणि सुटीहि उन्हें चढण्यापूर्वींच व्हावयास हवी.

यापुढें प्रश्न येतो तो जेवणाचा, आणि महाराष्ट्रांत तो फार महत्त्वाचा आहे. शाळेंत आहार देण्याची केंद्रीय योजना १९९५ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली, आणि २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें मिळावींत, असें या योजनेंत ठरविलेलें आहे. हातावर पोट असलेल्या कुटुंबांतील मुलांना या ऊन खिचडीचें मोल काय आहे, तें सांगावयास नको. हाडांवर चुना बसावयाचा, तर ताटांत प्रथिनेंहि हवींत. नुसत्या उड्या मारून उपाशी शरीर घडत नाहीं. परंतु व्यवहारांत असें होतें कीं, हात धुण्याची रांग, वाढण्याची रांग, ताटें घासण्याची रांग, आणि मुलींच्या बाबतींत स्वच्छतागृहाची आणखी एक रांग, यांतच सुटी सरते. घंटा होते तेव्हां कित्येक मुलांच्या तोंडांत शेवटचा घांस असतो. कागदावर सुटी अर्ध्या-पाऊण तासाची दिसते. मैदानाच्या वांट्याला पांच मिनिटेंहि येत नाहींत.

यावर तोड जेवणाची वेळ व खेळाची वेळ वेगळी करण्यांत आहे, आणि तींतहि खेळ आधीं असावा. अमेरिकेच्या युटा राज्यांतील एका गांवच्या सात शाळांत हें पडताळून पाहिलें गेलें. खेळाची सुटी जेवणाच्या आधीं घेतली, तेव्हां मुलांनीं खाल्लेलीं फळें व भाज्या ५४ टक्क्यांनीं वाढलीं, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. कारण साधेंच आहे. जेवण आधीं असलें कीं मुलाचें लक्ष मैदानाकडे. तें चार घांस गिळून उठतें. खेळून आलेलें मूल भुकेलेलें असतें, आणि त्याला कोठें पळावयाचेंहि नसतें. भरल्या पोटीं धांवून पोटांत कळ येण्याचा प्रकारहि टळतो. ज्या घरांतून मूल सकाळीं कांहींच न खातां निघतें, तेथें मात्र हा क्रम जसाच्या तसा लावणें कठोरपणाचें होईल. अशा शाळेंत मूठभर शेंगदाणे किंवा एखादें केळें आधीं देऊन मग खेळ ठेवावा.

मग एवढा वेळ आणावयाचा कोठून? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितलें आहे. भागाकार केला तर दिवसाला चार तास होतात. पांच तासांहून अधिक भरणार्‍या शाळेंत यानंतर जो वेळ उरतो, त्यांत वीस मिनिटांच्या दोन खेळाच्या सुट्या आणि जेवणाचा स्वतंत्र अर्धा तास बसविणें अशक्य नाहीं. फिनलंडमध्यें तर घड्याळाच्या एका तासांतील पंचेचाळीस मिनिटें शिकविणें व उरलेलीं पंधरा मिनिटें मोकळीं, असा परिपाठ आहे, आणि बर्फ पडत असतांहि मुलांना कोट-टोप्या चढवून अंगणांत पाठविण्यांत येतें. याच्या उलट दिशेचा अनुभव अमेरिकेंतील अटलांटा शहरानें घेतला. १९९० नंतरच्या दशकांत तेथील प्राथमिक शाळांनीं परीक्षांतील गुण वाढावेत म्हणून सुटी बंद केली. इतकेंच नव्हे, तर क्रीडांगणच नसलेली नवी शाळा बांधली. पुढें वारें फिरलें. १९९८ सालीं अमेरिकेंतच चौथीच्या दोन वर्गांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या दिवशीं सुटी मिळे त्या दिवशीं मुलें कामांत अधिक रमत व चुळबूळ कमी करीत, असें तींत आढळलें. फ्लॉरिडा राज्यानें २०१७ सालीं कायदा करून प्राथमिक शाळांत रोज वीस मिनिटांची सलग मोकळी सुटी सक्तीची केली. जी गोष्ट पूर्वीं न सांगतां मिळत होती, तिच्यासाठीं कायदा करावा लागावा, यांतच किती गमावलें होतें तें कळून येतें.

वेळेइतकीच जागेची अडचण आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत क्रीडांगण हें शाळेच्या आवश्यक गोष्टींत गणलें आहे. हरियाणांतील एका गांवीं शाळेच्या मैदानासाठीं राखलेल्या जमिनीवर अतिक्रमण झालें होतें. बाजारभावानें पैसे घेऊन तें नियमित करण्याची वाट उच्च न्यायालयानें मोकळी केली होती. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती बंद केली आणि जागा खालीं करावयास सांगितली. क्रीडांगणावांचून शाळा असूं शकत नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. मुंबई-पुण्याच्या दाट वस्तींतील शाळांना मात्र निकालानें जमीन मिळत नाहीं. तेथें एकाच इमारतींत सकाळची व दुपारची अशा दोन शाळा भरतात, आणि अंगण म्हणजे दोन भिंतींमधली फरसबंदी. अशा ठिकाणीं सर्व वर्गांना एकदम सोडण्याऐवजीं दोनदोन वर्गांना आळीपाळीनें सोडणें हाच मार्ग उरतो. फरशीवर रंगानें लंगडीचीं घरें, ठिकरीचे चौकोन, वर्तुळें आंखून ठेवलीं, तर मुलांची हालचाल वाढते, हें इंग्लंडमधील शाळांत मोजून पाहिलेलें आहे. खर्च एका रंगाच्या डब्याचा.

जागा असली तरी ती सर्वांना मिळते असेंहि नाहीं. बहुतेक मैदानांचा मध्यभाग मोठ्या मुलग्यांच्या क्रिकेटनें व्यापलेला असतो; मुली व पहिली-दुसरीचीं लहान मुलें भिंतीच्या कडेनें उभीं असतात. मुलींना खेळण्याची आवड नसते, असा अर्थ त्यावरून काढणें हें घोर अज्ञान होय. त्यांना जागा मिळत नाहीं, आणि नववें-दहावें वर्ष लागलें कीं धांवूं नको, पाय मिटून बस, अशी घरची शिकवणहि पाठीशीं येते. खरें पाहतां म्हातारपणीं हाडें ठिसूळ होण्याचा धोका स्त्रियांनाच अधिक. म्हणून बालपणीं हाडांची पुंजी सांठविण्याची गरजहि त्यांनाच अधिक आहे. आठवड्यांतून कांहीं दिवस मैदानाचा मध्य मुलींसाठीं राखून ठेवणें, एवढी व्यवस्था कोणत्याहि मुख्याध्यापकाला एका सूचनेनें करतां येईल.

खेळाला जागा शाळेनें द्यावयाची कीं शाळेनेंच खेळाच्या जागीं जावयाचें, हा प्रश्न ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं कोसबाडच्या टेकडीवर कृतीनें सोडविला होता. गुरें राखणार्‍या आदिवासी मुलांना शाळेंत येणें शक्य नव्हतें, म्हणून त्यांनीं कुरणांतच शाळा भरविली. त्या कुरणशाळेंत सुटी आणि तास यांच्यामध्यें भिंत नव्हती. प्रत्येक शाळेला हें साधणार नाहीं. पण कोंकणांतील चार महिन्यांच्या पावसांत मैदान चिखलाचें झालें म्हणून सुटी वर्गांत कोंडून घालविणार्‍यांनीं त्या कल्पकतेचा थोडा अंश घ्यावयास हरकत नाहीं. पडवींत दोरीवरच्या उड्या होतात, फुगडी होते, बाकें भिंतीला लावलीं तर वर्गांत लंगडीहि होते. पावसानें उघडीप दिली कीं मात्र तास चालू असला तरी पंधरा मिनिटें बाहेर काढावींत.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें त्याप्रमाणें पांच वर्षांवरील मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटें दमदार हालचाल हवी, आणि निदान तीन दिवस तींत हाडें व स्नायू बळकट करणारे प्रकार हवेत. ज्या मुलाची शाळा सुटते आणि लगेच शिकवणी लागते, शिकवणी सुटते आणि अंधार पडतो, त्याला हीं साठ मिनिटें शाळेंतूनच मिळावयाचीं. श्रोत्यांपैकीं जे पालक असतील त्यांनीं मुलाला आज काय शिकविलें हें विचारतांना, सुटींत काय खेळलास, कोणाबरोबर खेळलास, हेंहि विचारावें. रोज ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर येऊं लागलें, तर शाळेंत जाऊन चौकशी करण्याइतकें तें गंभीर आहे.

शिक्षकांपुरतें सांगावयाचें, तर सुटींत त्यांनीं मैदानावर असावें, पण पंच म्हणून नव्हे. तुटलेली फांदी, उघडें गटार, भिंतीवरून बाहेर पडणारें मूल आणि सर्वांनीं वाळींत टाकलेलें मूल, एवढ्यांवर नजर पुरे. गड्यांची वांटणी आणि डावाचें भांडण मुलांनीं आपसांत मिटवावें. शिक्षा द्यावयाचीच झाली तर दुसरी कांहींहि द्यावी; जें चुळबुळें मूल वर्गांत स्थिर बसत नाहीं, त्याची सुटी काढून घेणें म्हणजे तहानलेल्याचें पाणी तोडणें होय. पाण्याचा पिंप मैदानाच्या कडेला सावलींत ठेवावा, आणि पहिली घंटा पांच मिनिटें आधीं द्यावी, म्हणजे पाणी पिऊन, तोंड धुऊन, दम खालीं बसल्यावर मुलें वर्गांत येतील.